शकुंतलेच्या तसबिरीला नवी चौकट

खानापूरचं आमचं कौलारू घर गेल्या उन्हाळ्यात उतरवलं. वाटणीत भावाला पितळेची भांडी गेली आणि मला सोप्यातली तसबीर आली: राजा रविवर्म्याचं 'शकुंतला जन्म'. मेनका लेकरू पुढं करते आणि विश्वामित्र हात वर करून तोंड फिरवतो. आज्जी पाहुण्यांना बोट करून दाखवायची, "बघा, एवढा मोठा तपस्वी, पण पोरगी घ्यायची वेळ आली की कसा वळला!"

चित्र वीस बाय चौदा इंचांचं. आज्जी दर दिवाळीला ओल्या फडक्यानं काच पुसायची. पाणी ओघळून खालच्या पट्टीत मुरायचं, त्यात खानापूरचा पाऊस. खालचा काठ तपकिरी होऊन पापडासारखा तुटायला लागला होता.

चौकट बदलायला आधी ज्या दुकानात गेले, तिथल्या पोरानं चित्र नीट बघितलंही नाही. "लॅमिनेशन करून टाकू मावशी, शंभर वर्षं बघायला नको." जुन्या वॉर्निशवर गरम प्लॅस्टिक एकदा बसलं की ते परत निघत नाही. तसबीर काखेत मारली आणि तिथूनच मागं फिरले.

ज्याच्याबद्दल लिहायचंय तो फ्रेमवाला बेळगावात शहापूरच्या बाजूला बसतो. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की दुकान भरलं. वयानं साठीचे, मी मामाच म्हणते. हाताखालच्या पोराशी कन्नड, माझ्याशी मराठी, आणि दोन्हीकडं आवाज तेवढाच चढा.

त्यांनी माझ्यासमोर पक्कडीनं एकेक खिळा काढला. मागं पातळ फळ्या होत्या. लाकडातलं आम्ल कागदात उतरून पाठीवर फळ्यांच्या रुंदीचे तपकिरी पट्टे उमटलेले. मग मामांनी भिंग काढलं आणि आधी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. सगळे ठिपके एका शिस्तीत, कवायतीला उभे केल्यासारखे. नंतर मेनकेचा गाल. तिथं ठिपके लहानमोठे, कुठं दाट, कुठं विरळ. "हे हातानं टाकलेत वो अक्का, दगडावर." लिथोग्राफीत असंच असतं. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र उतरवायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर ते एकामागून एक नेमके बसवायचे. एक रंग जरा सरकला तर विश्वामित्राचे ओठ दाढीत जायचे.

इथपर्यंत आमचं छान जमलं. मग भांडण झालं. मामा म्हणाले, "हा खालचा काठ सडलाय, अर्धा इंच कापतो. माउंट घातला की स्वच्छ दिसंल." माउंट म्हणजे चित्राभोवती काचेखाली बसवायचा पुठ्ठा. नेमकं त्याच काठावर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलंय: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि तिथून बाहेर पडलेलं पहिलं चित्र हेच. 1899 मध्ये तो लोणावळ्याजवळ, कार्ल्याशेजारच्या मळवलीला गेला. म्हणजे आमच्या घरात 'पहिल्या छापातलं' म्हणून जो मोठेपणा सांगितला जायचा, तो ही एक ओळ खोटा पाडते. आमचं चित्र मळवलीचं. भावाला अजून बोलले नाही. पण खोटं उघडं पडतं म्हणून पुरावा कापायचा का? तो छापखाना 1972 च्या आगीत गेला. हा पत्ता आता असल्या काठांवरच उरलाय.

मामांनी जरा वेळ डोकं खाजवलं आणि माउंटची खिडकी खालून अर्धा इंच जास्त उघडी ठेवली. फाटलेल्या जागी मागून पातळ टिश्यू लावला, तोही गव्हाच्या खळीनं, म्हणजे उद्या कुणाला काढायचा झाला तर ओला करून सुटतो. गोंद म्हणून फेव्हिकॉल लावला नाही, यासाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण.

आता तक्रारी. दहा दिवस सांगून चोवीस लावले. फोन केला की "उद्या देतो की". आम्लविरहित माउंट मी मागितला म्हणून मागवला. नाहीतर दुकानातला नेहमीचाच घातला असता, आणि तो काही वर्षांत पिवळा पडतो. शिवाय पहिल्यांदा माउंट इतका पातळ घातला की कागद फुगून मेनकेच्या गुडघ्याशी काचेला टेकत होता. पावसाळ्यात तिथं वॉर्निश काचेला चिकटलं असतं. परत नेलं, दुहेरी माउंट घालून घेतला. तेवढ्यासाठी मामांनी कटकट केली नाही, जादा पैसेही घेतले नाहीत. काच मात्र साधीच, संध्याकाळी ट्यूबलाइट विश्वामित्राच्या जटेत दिसते.

सागवानी पट्टी, माउंट, काच, मजुरी धरून 2,850 रुपये झाले. बिल कन्नडमध्ये. वाचता येतं तेवढं वाचलं, तर पहिलाच शब्द 'चौकट्टु'. आपलीच चौकट की!

तसबीर आतल्या भिंतीला लावलीय, पश्चिमेची भिंत जुलैत पाझरते. मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवलेत, हवा खेळावी म्हणून. ही युक्तीही मामांचीच.

जाणार असाल तर सकाळी जा. दोनला ते जेवायला जातात आणि चारपर्यंत शटर अर्धं खाली असतं. आणि जुनं चित्र असेल तर सांगून ठेवा, काठ कापायचा नाही.