दुबई, ब्रिटन की जर्मनी? नागपूरच्या नर्सने आधी काय तोलावं

"ताई, गल्फ का यूके?" रात्रपाळीच्या चहाला हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी माझ्यापुढे येतोच. नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये माझी सोळा वर्षं गेली. आमच्याकडच्या अकरा मुलींच्या फायली मी त्यांच्या शेजारी बसून लावल्या आहेत. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली : पगाराचा आकडा पाहून देश निवडू नका. प्रत्येक देश दार उघडण्याआधी काहीतरी मागतो. कुणी अनुभवाचा पुरावा, कुणी इंग्रजी, कुणी अख्खी नवी भाषा, तर कुणी वर्षानुवर्षं थांबायची तयारी. यातलं तुमच्याकडे आज काय आहे, ते आधी बघा.

सगळ्यात लवकर काम होतं ते गल्फचं. दुबई, अबुधाबी आणि बाकीच्या अमिरातींची लायसन्सं वेगवेगळी, सौदीचं पुन्हा निराळं. पण ढाचा सारखाच आहे : डेटाफ्लो या पडताळणी कंपनीकडून कागदांची तपासणी आणि संगणकावर बहुपर्यायी परीक्षा, जिला आपण सरसकट 'प्रोमेट्रिक' म्हणतो. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा सहसा लागत नाही. अनुभव मात्र साधारण दोन वर्षांचा हवा, आणि घोडं अडतं ते इथेच. डेटाफ्लो तुमच्या पत्रावर विसंबत नाही, थेट रुग्णालयाला विचारतो. आमच्यातल्या एकीने धंतोलीतल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये तीन वर्षं काम केलं होतं. पत्र होतं, शिक्का होता, पण लेटरहेडवरचा ईमेल कुणी उघडतच नव्हतं. तिची फाईल चार महिने तशीच पडून राहिली. शेवटी ती स्वतः जाऊन रिसेप्शनवर बसली, तेव्हा उत्तर गेलं. म्हणून जिथे नोकरी सोडाल, तिथे आजच विचारून ठेवा : पडताळणीचा ईमेल आला तर उत्तर कोण देणार?

ब्रिटनचा रस्ता लांब, पण आखीव आहे. नर्सिंग अँड मिडवायफरी काउन्सिल, म्हणजे एनएमसी, आधी इंग्रजी पाहते. आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लिहिण्यात ६.५, किंवा ओईटी या आरोग्य क्षेत्रासाठीच्या इंग्रजी परीक्षेत तीन भागांत बी आणि लिहिण्यात सी प्लस. मी ओईटीच्या बाजूने आहे. तिथे रुग्णाची केस देऊन रेफरल लेटर लिहायला सांगतात, आणि ते आपण वॉर्डात रोज करतो. आयईएलटीएसच्या निबंधात शहरीकरणावर मत मांडताना आमच्या हुशार मुलीसुद्धा अडखळल्या. त्यानंतर सीबीटी ही संगणकावरची परीक्षा भारतात बसूनच देता येते : गणिताचे १५ प्रश्न आणि क्लिनिकल १००. ती आणि नोकरीची ऑफर हातात आली की व्हिसा, आणि मग तिकडे गेल्यावर ओएससीई, म्हणजे प्रत्यक्ष कामाची परीक्षा.

ओएससीईला घाबरणाऱ्या मुलींना मी सांगते, त्यात ज्ञान कमी आणि शिस्त जास्त तपासतात. दहा स्टेशन्स असतात. रुग्णाचं नाव विचारलं का, मनगटपट्टी पाहिली का, परवानगी घेतली का, ॲलर्जी विचारली का. आपण इथे एका पाळीत वीस पेशंट बघतो, त्या घाईत हे शब्द तोंडातून गळून पडलेले असतात. आमच्या ड्युटी रूममध्ये एक मुलगी उशीला पेशंट करून रोज रात्री मोठ्याने बोलत सराव करायची : "नमस्कार, मी तुमची नर्स, तुमचं पूर्ण नाव सांगाल का?" अर्थात इंग्रजीत. ती पहिल्या फटक्यात पास झाली.

खर्चाचं बोलायचं तर एनएमसीची फी अशी : मूल्यमापन १४० पौंड, सीबीटी ८३, ओएससीई ७९४ आणि नोंदणी १५३. ओएससीईचा भार बरेचदा तिकडचं रुग्णालय उचलतं. ऑफर लेटरमध्ये ते लिहून आलंय का, हे नक्की पाहा. नवरा आणि मुलं सोबत न्यायची असतील तर ब्रिटनचं पारडं जड आहे, कारण केअर वर्करना २०२४ पासून ती मुभा नाही, नर्सना आहे. मात्र तिकडची परदेशी भरती मागच्या काही वर्षांपेक्षा बरीच आटली आहे. हातात ऑफर नसताना सीबीटी देऊन बसू नका, तिचा निकाल दोनच वर्षं चालतो.

आयर्लंड याच वळणाचं. आधी तिथलं नर्सिंग बोर्ड तुमच्या प्रशिक्षणाचा एकेक तास तपासतं, मग रुग्णालयातलं अडॅप्टेशन, म्हणजे देखरेखीखालचं काम, किंवा अॅप्टिट्यूड टेस्ट.

आणि इथेच ऑस्ट्रेलियाचाही विचार करावा लागतो. थेट नागपूरहून गेलात तर एनसीएलईएक्स ही संगणकावरची नर्सिंग परीक्षा आणि ॲडलेडला जाऊन ओएससीई. पण एप्रिल २०२५ पासून ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, अमेरिका अशा ठराविक ठिकाणी नोंदणी घेऊन २०१७ नंतर किमान १,८०० तास काम केलेल्या नर्सला या दोन्ही परीक्षांशिवाय वाट मोकळी झाली आहे. पूर्ण वेळ काम धरलं तर हे साधारण वर्षभराचं काम. गल्फच्या लायसन्सला ही सोय नाही. दुबईत पाच वर्षं काढून ब्रिटनला निघालेल्या मुलीला सीबीटी आणि ओएससीई पहिल्यापासून द्यावीच लागते. पुढे आणखी कुठे जायचं मनात असेल, तर हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

जर्मनीत इंग्रजीचा काही उपयोग नाही. नोंदणीसाठी जर्मन बी२ पातळीपर्यंत यावी लागते. नोकरी करत शिकणाऱ्या मुलीला त्यात वर्ष सहज जातं, पाळ्या बदलत राहिल्या तर जास्तच. मग तिथलं राज्य तुमचा अभ्यासक्रम त्यांच्याशी ताडून उणिवांची यादी देतं, ती ज्ञान-चाचणीने किंवा रुग्णालयातल्या प्रशिक्षणाने भरून काढायची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालेल्यांनाही हा रस्ता आहे, म्हणून मी तो गंभीरपणे सुचवते. वय तेवीस-चोवीस, घरावर कर्ज नाही आणि भाषेची गोडी आहे, अशा मुलीने हेच करावं. अमेरिकेचा पगार सगळ्यांना माहीत असतो. एनसीएलईएक्स पासही होतात. पण भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग दशकाहून जास्त लांब आहे. परीक्षा द्यायची तर द्या, पण त्या भरवशावर इथली नोकरी सोडू नका.

आता माझ्या जिवाभावाचा विषय. आपल्या सर्टिफिकेटवर 'आरएन आरएम' असतं, नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफ. त्यामुळे मुली धरून चालतात की तिकडेही आपण मिडवाइफ. तसं होत नाही. ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, सगळीकडे मिडवायफरी हा वेगळा व्यवसाय आहे, त्याचं शिक्षण वेगळं, नोंदणी वेगळी. आपल्या बीएस्सी किंवा जीएनएममधला मिडवायफरीचा भाग तिथे सहसा पुरत नाही. शेकडो बाळंतपणं केलेली आमची सिस्टर तिकडे ॲडल्ट नर्स म्हणून जाते आणि मेडिकल वॉर्डात रुजू होते. मन लेबर रूममध्येच असेल तर हे आधी समजून घ्या. गल्फमध्ये प्रसूती विभागात काम मिळण्याची शक्यता त्या मानाने बरी, आणि भारतात केंद्र सरकारने २०१८ साली आखलेला अठरा महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी कोर्सही विचारात घ्या. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स, झालेल्यांना मात्र या देशांत नर्स म्हणून नोंदणी मिळत नाही. त्यांना तसं आश्वासन देणारा माणूस खोटं बोलतो आहे.

एजंटांबद्दलही हेच. बर्डीवरच्या एकाने आमच्या मुलीकडून मूळ मार्कशीट ठेवून घेतल्या आणि परत करायला पैसे मागितले. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका. नोंदणीकृत एजंटाला कायद्याने सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं, आणि त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सापडलं पाहिजे. सौदी, कुवेत, कतार, अमिराती अशा देशांत नोकरीला जाताना नर्सला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी, लागतो. "व्हिजिट व्हिसावर चला, तिथे करून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठा.

देश कुठलाही असो, एक काम याच आठवड्यात करा. सगळे कागद पलंगावर पसरून फक्त नाव वाचा. मार्कशीटवर आडनाव आधी आणि मग वडलांचं नाव, कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर वेगळाच क्रम, लग्नानंतरच्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, पण तिकडच्या कारकुनाला त्या तीन बायका वाटतात. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा, गॅझेट आणि प्रतिज्ञापत्र करून घ्या, आणि मग मुंबईला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे गुड स्टँडिंगचा, म्हणजे नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याच्या दाखल्याचा, अर्ज त्याच नावाने टाका. माझ्या अकरा फायलींपैकी सात इथेच अडकल्या होत्या.