स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचं मेर्काडो सेंत्राल, सकाळीच जा
तिथली मैत्रीण सोबत होती, ती सरळ मार्केटमध्येच घेऊन गेली आणि खरं सांगते, व्हॅलेन्सियात एकच जागा बघायला वेळ असेल तर हीच बघा. १९२८ मध्ये सुरू झालेलं मार्केट, वर भलामोठा घुमट नि रंगीत काचा, खाली मासे, संत्री, केशर, टांगलेले हॅम, आणि टूरिस्टांच्या गर्दीत रोजची भाजी घ्यायला आलेले लोकही असतातच. दुपारी तीनला बंद होतं, रविवारी उघडतच नाही, त्यामुळे लवकर निघा.

ओर्चाता प्यायचंच! चुफा नावाच्या छोट्या कंदापासून करतात, दूध अजिबात नसतं, एकदम थंडगार, गोड, आणि त्यात फार्तोन म्हणजे लांबट गोड पाव बुडवून खायचा, मला तर फारच आवडलं.

समोरच ला लोन्हा, म्हणजे रेशीम व्यापाऱ्यांची जुनी बाजार-इमारत आहे, युनेस्कोच्या यादीतली, तिचे पिळाचे खांब बघाच.

पाएया, म्हणजे इथला प्रसिद्ध भाताचा पदार्थ, मात्र दुपारीच खा, मैत्रीण म्हणाली की रात्री इथले लोक खात नाहीत, आणि अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात चिकन नि सशाचं मटण असतं, म्हणून ते न खाणाऱ्यांनी ऑर्डरआधी विचारून घ्या.