कार्ट्रिज कागद, कोळसा आणि कलाशाळेचे पहिले वर्ष: काही महिन्यांच्या वापरानंतर

मुंबईत पायाभूत अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना बहुतेकांचे सगळे लक्ष पेन्सिलींच्या डब्यावर असते आणि कागद मात्र दुकानदार देईल तो घेतला जातो. पहिले सत्र संपून दुसरे सुरू झाल्यावर माझे मत नेमके उलटे झाले आहे. २बी, ४बी आणि ६बी एवढ्या तीन पेन्सिलींवर वर्ष सहज निघते. सरावाचा दर्जा कागदच ठरवतो.

मी वापरतो तो १५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम वजनाचा), किंचित खरखरीत कार्ट्रिज कागद, म्हणजे रेखाटनाचा जाडसर कागद. पूर्ण इम्पीरियल ताव घेऊन तो मधोमध कापला, की १५ बाय २२ इंचांचे दोन हाफ इम्पीरियल कागद मिळतात. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर असे ताव एकगठ्ठा घेणे परवडते. गुळगुळीत कागदावर कोळशाची भुकटी धरतच नाही, बोट लागताच निघून जाते, आणि ६बी दाबून फिरवली तर काळोखाऐवजी नुसती चमक येते. या कागदाच्या दाण्यात मात्र कोळसा अडकून राहतो. प्लास्टरच्या मस्तकाचा अभ्यास करताना डोळे अर्धवट मिटून प्रकाश, मधली छटा आणि सावली असे तीनच भाग आधी मांडायला सांगतात. त्या वेळी विलोच्या (विलो झाडाच्या जाळलेल्या काड्यांच्या) कोळशाने मोठा भाग झटपट भरता येतो, आणि मऊ, कणकेसारख्या मळता येणाऱ्या पुट्टी रबराने टिपून प्रकाश पुन्हा बाहेर काढता येतो. त्याच जागी चार-पाच वेळा रबर फिरल्यावर मात्र तंतू उठू लागतात. तिथे नंतर कितीही काम केले तरी छटा मळकटच दिसते.

स्थिरचित्रात हात ताठ ठेवून पेन्सिलीने उंची-रुंदीचे प्रमाण मोजणे आणि वस्तूंमधली मोकळी जागा आधी रेखाटणे, हे सराव कंटाळवाणे वाटले तरी रोज करावेत. बोर्डावर एकाच कागदाऐवजी खाली आणखी तीन-चार कागद ठेवून क्लिप लावल्यास रेषेला हवा तसा मऊपणा येतो.

पावसाळा हा या कागदाचा खरा शत्रू आहे. हवेतला दमटपणा शोषून ताव सैल पडतो, कडा वळतात आणि पेन्सिल रुतल्यासारखी चालते. गठ्ठा प्लास्टिकमध्ये आडवा ठेवल्याने बराच फरक पडतो. कोळशाच्या चित्रांमध्ये बटर पेपर घालणे आवश्यक आहे, कारण फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारूनही घासलेले चित्र वाचत नाही. गर्दीच्या लोकलमध्ये हाफ इम्पीरियल बोर्ड घेऊन चढण्याबद्दल न बोललेलेच बरे.

त्यामुळे बाहेरच्या स्केचिंगला मी हा कागद नेत नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची, ब्रिटिश कलाशिक्षक लॉकवूड किपलिंग यांच्या रचनेतली शेतकऱ्यांची उठावशिल्पे रेखाटायला छोटी वही पुरते. शिवाय तिथे पाच मिनिटांहून अधिक वेळ उभे राहू देईल असा हमाल मला अजून भेटलेला नाही.

शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांपासून गुळगुळीत ड्रॉइंग पेपरची सवय असलेल्यांनी मात्र लगेच गठ्ठा घेऊ नये. या कागदावर बारीक, टोकदार रेषा थोडी तुटते आणि पहिले काही दिवस हात बिघडल्यासारखे वाटते; दोन ताव घेऊन आधी एखादा घडा आणि चुरगळलेले कापड काढून पाहावे.