तामियाचा वेदरिंग मास्टर ‘बी’ संच: काजळी उत्तम, गंज जपून, हिम बेतानं

वेदरिंग म्हणजे मॉडेल वापरलेलं, मळलेलं दिसावं म्हणून त्यावर डाग चढवणं. मॉडेलची किट आणि रंग बनवणाऱ्या तामियाच्या वेदरिंग मास्टर मालिकेतल्या ‘बी’ संचात त्यासाठी तीन रंग येतात: हिम, काजळी आणि गंज. चपटी डबी, आत तीन वड्या आणि एक छोटी दांडी. दांडीच्या एका टोकाला स्पंज, दुसऱ्या टोकाला ब्रश. डोळ्यांच्या मेकअपची डबी असते तसंच हे प्रकरण आहे, वापरायचंही साधारण तसंच. वडी सुट्या पिगमेंट पावडरीसारखी कोरडी नसते, किंचित चिकट असते. त्यामुळे घासली की जागच्या जागी बसते. पावडर चिकटवणारं फिक्सर लागत नाही आणि टेबलभर धूळही उडत नाही.

मी हा संच शर्मन या अमेरिकी रणगाड्याच्या 1/35 मापाच्या मॉडेलवर वापरला. किटही तामियाचंच, एम4ए3ई8, म्हणजे ‘ईझी एट’. डायोरामा, म्हणजे मॉडेलभोवतीचा छोटा देखावा, 1944-45 च्या हिवाळ्यातल्या आर्देनचा, दुसऱ्या महायुद्धातल्या युरोपमधल्या रणभूमीचा आहे: जंगलातला रस्ता, कडेला लोटलेलं हिम, मधे चाकोऱ्यांतला चिखल आणि त्यात थांबलेला रणगाडा. या गाडीला जुन्या शर्मनच्या साडेसोळा इंची ट्रॅकऐवजी 23 इंची रुंद ट्रॅक मिळाले, ते अशाच मऊ जमिनीवर रुतू नये म्हणून. संचातले तिन्ही रंग एकाच मॉडेलवर तपासायला याहून चांगला विषय मला सुचला नाही.

माझं रोजचं काम पोकलेन आणि डोझरच्या देखभालीचं. त्यामुळे वेदरिंगबद्दल माझं मत ठाम आहे: प्रत्येक डाग कुठून आला ते दिसलं पाहिजे. रोज चालणाऱ्या यंत्रावर गंज सरसकट नसतो. डोझरची चेन जमिनीला घासते तिथे चांदीसारखी लखलखते आणि फटींमध्ये तांबूस राहते. हबचं सील गळत असेल तर तिथली धूळ तेल पिऊन काळी पडते, आणि तेवढाच गोल डाग लांबूनही ओळखू येतो. सायलेन्सरवर रंग टिकतच नाही. रणगाडाही यंत्रच. त्यात ईझी एट युरोपात पोचले 1944 च्या अगदी अखेरीस, म्हणजे जानेवारीतल्या बर्फात ते जवळजवळ नवेच होते. अशा गाडीच्या रंगवलेल्या जाड पोलादावरून नारिंगी ओघळ उतरलेले मॉडेल मला पटत नाही, कितीही सफाईनं केलेलं असो.

या कसोटीवर काजळीचा रंग पूर्ण उतरला. एम4ए3 ला फोर्डचं व्ही-8 पेट्रोल इंजिन होतं आणि धूर मागच्या बाजूनं, खाली बाहेर पडायचा. तिथल्या जाळीदार झडपेवर मी स्पंजनं काजळी टेकवली आणि मग ब्रशनं बाहेरच्या दिशेनं ओढली. कडा आपोआप विरत गेली. एअरब्रशनं असा मऊ काठ आणायला रंगाची पातळी, हवेचा दाब आणि हात, तिन्ही जमून यावं लागतं. इथे ते बोटांवर भागतं. 76 मिमी तोफेच्या मझल ब्रेकवर (नळीच्या तोंडावरचा भाग), हॅचच्या बिजागऱ्यांत आणि अवजारांच्या लोखंडी भागांवरही हाच रंग अगदी थोडा वापरला. जास्त झालं तर ओल्या कापूसकाडीनं बरंचसं पुसता येतं, म्हणून हात धीट होतो. नवख्यांना मी हा संच सुचवतो तो मुख्यतः यासाठी.

गंज चांगला आहे, पण नुसता लावला तर भडक दिसतो. आधी गडद तपकिरी इनॅमल वॉश (खोबणींत उतरणारा पातळ रंग), तो वाळल्यावर गंज आणि वरून काजळीचा हलका हात, असं केलं की जळक्या लोखंडाचा रंग येतो. (वॉश न रंगवलेल्या प्लास्टिकवर जाऊ देऊ नका, इनॅमलच्या थिनरनं, विशेषतः ताण असलेल्या सांध्यांवर, प्लास्टिक तडकू शकतं.) मी गंज फक्त टोइंगच्या तारदोरावर, धुराच्या झडपेवर आणि ट्रॅकच्या खोबणींत ठेवला. ट्रॅकच्या उंच कडांवर साधी शिसपेन्सिल घासली. तिथली चमक आणि शेजारचा तांबूसपणा यांतला फरक या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग आहे.

हिमाचं गणित वेगळं आहे. 1/35 मध्ये 1 मिमी म्हणजे प्रत्यक्षातले 35 मिमी. दहा सेंटिमीटर बर्फाचा थर मॉडेलवर जेमतेम 3 मिमी भरतो, पण तेवढी जाडी या वडीतून येणार नाही आणि ती त्यासाठी नाहीच. ती आहे दवासारख्या पातळ थरासाठी: गुंडाळलेल्या ताडपत्रीच्या घड्या, टरेटवरच्या (तोफेच्या फिरत्या घुमटावरच्या) वेल्डचे उंचवटे, बोल्टांची डोकी. इंजिनवरच्या झाकणांवर मी हिम लावलंच नाही. चालत आलेल्या गाडीचं इंजिन गरम असतं, तिथे बर्फ वितळून पत्रा ओला आणि काळपट दिसणार. जमिनीवरच्या हिमासाठी पांढरा गोंद आणि काचेचे सूक्ष्म पोकळ मणी वापरले. मास्क लावूनच वापरा, ते श्वासात जातात. खाण्याचा सोडा टाळा, कालांतरानं पिवळा पडतो.

दोन गोष्टी खरेदीआधी माहीत असाव्यात. हा रंग मॅट पृष्ठभागालाच धरतो, चकचकीत वॉर्निशवरून घसरतो. आणि वरून वॉर्निश मारलं की बराच फिका पडतो, सगळ्यांत आधी हिम. त्यामुळे माझा क्रम असा: तामियाचा एक्सएफ-62 ऑलिव्ह ड्रॅब रंग, ग्लॉस वॉर्निश, डीकल (खुणा-आकड्यांची चिकटचित्रं), वॉश, मॅट वॉर्निश आणि अगदी शेवटी वेदरिंग मास्टर. त्यानंतर गाडीला बोट लावायचं नाही, उचलायचं ते तळाच्या फळीला धरून.

संचात चिखल नाही. तो ‘ए’ मध्ये आहे, वाळूच्या दोन छटांसोबत. पण डायोरामा असेल तर मी चाकांसाठी तोही घेणार नाही. रस्त्यासाठी जी माती आणि जे पिगमेंट कालवलं असेल, तेच पातळ करून चाकांवर आणि खालच्या अंगावर उडवा. वेगळ्या डबीतला चिखल लावला की गाडी दुसरीकडून उचलून आणून ठेवल्यासारखी वाटते, आणि हा विजोडपणा फोटोत तर लगेच उठून दिसतो.

माझ्या डबीतली काजळी आता तळाला लागली आहे, गंज अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे आणि हिमाची वडी जवळजवळ भरलेली. पुढचा संच पुन्हा हाच घेणार आहे, काजळीसाठी.