पीपीएल की सीपीएल?

उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला प्रवासी विमानं उडू लागली आणि आमच्या नेरूळच्या सोसायटीतली दोन पोरं पायलट व्हायला निघाली. एकाला हौस, दुसऱ्याला नोकरी.

हौसेला पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचं लायसन्स, पुरतं: वय १७, दहावी पास, किमान ४० तास उड्डाण. पण पैसे घेऊन कुणाला फिरवता येत नाही. इंधनाचा खर्च आपल्याच खिशातून.

नोकरीला सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स. वय १८, २०० तास, शिवाय क्लास वन मेडिकल, म्हणजे वैमानिकांची कडक वैद्यकीय तपासणी. माझं ऐकाल तर फी भरण्याआधी हे मेडिकलच करून घ्या. डोळ्यांत काही निघालं तर निदान लाखो रुपये तरी वाचतील!

विमान शिकायला मात्र दोघांनाही बारामती नाहीतर धुळ्याची वाट धरावी लागेल. उलव्यात शिकाऊंना कोण घिरट्या घालू देणार?