दुकानं बघायला लंडन की टोकियो?

परगावी गेल्यावर म्युझियम, राजवाडे उरकून ज्यांची पावलं गल्लीबोळातल्या विचित्र दुकानांकडे वळतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. फक्त छत्र्या, फक्त ब्रश, फक्त नकाशे, असं एकच काहीतरी विकणारी आणि तेच पिढ्यान् पिढ्या विकत आलेली दुकानं. त्यांच्यासाठी एकाच शहराचं तिकीट काढायचं असेल तर माझ्या मते शेवटच्या यादीत दोन नावं उरतात, लंडन आणि टोकियो. दोन्हीकडे तीन-चारशे वर्षांची दुकानं आजही सकाळी शटर उघडतात. पण दोन्हींची मजा अगदी वेगळी आहे. लंडनला दुकान बघायला जावं, टोकियोला वस्तू निवडायला.

याचं एक कारण इतिहासात आहे. टोकियो १९२३च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत बेचिराख झालं, १९४५च्या बॉम्बवर्षावात पुन्हा जळलं. त्यामुळे तिथे धंदा जुना असतो, इमारत नवी. निहोनबाशीतलं सुऱ्या-कात्र्यांचं ‘किया’ १७९२ सालचं, पण ते भेटतं चकचकीत मॉलमध्ये. हातकागद विकणारं ‘ओझू वाशी’ १६५३चं, आणि बाहेरून पाहिलं तर एखाद्या बँकेचं कार्यालय वाटावं. जुनं लाकूड, पितळी पाट्या, करकरणारे जिने यांची आस लावून जाल तर पहिल्या तासातच हिरमोड होईल.

बॉम्ब लंडनवरही पडले, तरी सेंट जेम्स स्ट्रीटसारखे रस्ते बरेचसे टिकले. तिथे ६ नंबरला ‘लॉक अँड कंपनी’ हे टोप्यांचं दुकान आहे, १६७६ पासूनचं. डोक्याचं माप घ्यायला त्यांच्याकडे ‘कन्फॉर्मेटर’ नावाचं एकोणिसाव्या शतकातलं यंत्र आहे. दिसायला टाइपरायटर आणि उंच टोपी यांच्या मधलं काहीतरी. ते डोक्यावर बसवलं की चहूबाजूंच्या पट्ट्या कवटीला टेकतात, वरचं झाकण दाबलं की टाचण्या कागदाला भोकं पाडतात, आणि आपल्या डोक्याचा छोटासा नकाशा हातात येतो. कुणाचंच डोकं गोल नसतं हे त्या कागदावर लख्ख दिसतं. नामवंत गिऱ्हाइकांचे असे कागद दुकानाने जपून ठेवलेत. टोपी घ्यायची म्हटली तर मात्र शेकडो पाउंड मोजावे लागतात.

दोन-चार दारं सोडून ३ नंबरला ‘बेरी ब्रदर्स अँड रड’, १६९८ सालचे वाइनविक्रेते. सुरुवात कॉफीच्या दुकानाने झाली होती, म्हणून कॉफीच्या गिरणीचं चिन्ह अजून बाहेर लटकतंय. कॉफीची पोती तोलायच्या मोठ्या तराजूवर अठराव्या शतकापासून गिऱ्हाइकं स्वतःचं वजन करून घेऊ लागली. त्या वह्या आजही आहेत आणि त्यात कवी बायरनच्या वजनाच्याही नोंदी आहेत. वाइनची बाटली घ्यायला मात्र कोपऱ्यावरून वळून पॉल मॉल या रस्त्यावरच्या दुकानात जावं लागतं. जुनी वास्तू पाहण्यापुरती आणि विक्री शेजारी, हा प्रकार लंडनमध्ये हळूहळू वाढतोय, तेव्हा फार भाबडेपणाने जाऊ नका.

छत्रीवाले ‘जेम्स स्मिथ अँड सन्स’ मला त्या मानाने जास्त आवडतात. दुकान १८३०चं, न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १८५७ पासून. दर्शनी भाग इतका व्हिक्टोरियन की सिनेमाचा सेट वाटावा, पण आत खरोखर धंदा चालतो. काठी घेतली तर तुमच्या उंचीप्रमाणे कापून देतात. छत्रीत दांडा आणि मूठ एकाच लाकडातून केलेला प्रकार मागून बघा, तो हातात धरला की किंमत जास्त का हे विचारावं लागत नाही. एक व्यवहारी अडचण आहे, ती सुटकेसमध्ये मावत नाही.

आता टोकियो. तिथे एका दुकानापेक्षा रस्त्याला महत्त्व. काप्पाबाशी हा उएनो आणि आसाकुसा यांच्या मधला सुमारे ८०० मीटरचा रस्ता, आणि त्यावर दीडशेहून जास्त दुकानं सगळी स्वयंपाकघराच्या सामानाची. खानावळी चालवणारे इथूनच माल उचलतात. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या डोक्यावर पांढरी टोपी घातलेल्या आचाऱ्याचं राक्षसी डोकं आहे, त्यामुळे चुकायला होत नाही. हॉटेलांच्या काचेत दिसणारे खोटे पदार्थ इथे मिळतात. ते पूर्वी मेणाचे असत, आता प्लॅस्टिकचे. पर्यटक त्यांचेच फोटो काढतात आणि खरी गंमत सोडून पुढे जातात.

खरी गंमत सुऱ्यांच्या दुकानात आहे. भिंतभर पाती, लांबून सगळी सारखीच दिसणारी. दुकानदार आधी विचारतो ते कापणार काय, आणि डावखुरे आहात का. कारण माशांसाठीच्या पारंपरिक सुरीला धार एकाच बाजूने असते आणि डावखुऱ्याला ती उलटी लागते. मग पोलादाचा प्रश्न येतो. ‘पांढरं’ आणि ‘निळं’ पोलाद ही नावं धातूच्या रंगावरून पडलेली नाहीत, कारखान्यात त्याला ज्या रंगाचा कागद लावत त्यावरून पडली. दोन्हींना धार उत्तम लागते, पण काम झाल्या झाल्या पुसली नाहीत तर गंज चढतो. सिंकमध्ये भांडी रात्रभर राहणारं घर असेल तर सरळ स्टेनलेस घ्या, दुकानदारही तेच सांगेल. काही दुकानं पात्यावर नाव कोरून देतात. विमानात सुरी अर्थातच चेक-इन सामानातच.

अशाच गल्ल्या इतर गोष्टींच्याही आहेत. जिम्बोचोत शंभरावर जुन्या पुस्तकांची दुकानं, आणि त्यातली बरीचशी यासुकुनी रस्त्याच्या दक्षिण बाजूला. म्हणजे दारं उत्तरेला, उन्हाने पुस्तकांचे कणे विटत नाहीत. पुस्तकं बहुतेक जपानी असली तरी ‘ओया शोबो’सारख्या १८८२च्या दुकानात लाकडी ठशांची चित्रं आणि जुने नकाशे बघायला भाषा लागत नाही. तिथून चालत ओचानोमिझूला गेलात की गिटारींचा रस्ता. लंडनमध्ये याला जोड म्हणून पुस्तकांसाठी सेसिल कोर्ट आणि गिटारींसाठी डेन्मार्क स्ट्रीट दाखवता येतील. सेसिल कोर्ट देखणा आहे, इंग्रजी वाचणाऱ्याला तिथे जिम्बोचोपेक्षा जास्त हाताला लागेल, पण तो दहा मिनिटांत संपतो. डेन्मार्क स्ट्रीटवर गिटारी अजून आहेत, पण नव्या बांधकामांनी त्याला पार घेरलंय.

दोन्ही शहरांत एकाच मालाची दुकानं लावून बघायची असतील तर रंग घ्या, म्हणजे चित्रकाराच्या रंगांची पूड. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमजवळ ‘कॉर्नेलिसन’, १८५५चं. हिरवट काळं दार, आत लाकडी खण आणि काचेच्या बरण्यांत पूड. टोकियोत ‘पिगमेंट’, २०१५चं, वास्तुकार केंगो कुमा यांनी रचलेलं, आणि भिंतीवर सुमारे साडेचार हजार रंग. पहिल्यात पाऊल टाकताच चित्र काढावंसं वाटतं, दुसऱ्यात कोणतं चित्र काढायचं तेच सुचेनासं होतं. मी स्वतः पैसे दुसऱ्यात खर्च करेन.

फिरायला लंडन सोपं. सेंट जेम्सपासून सेसिल कोर्ट, नकाशांचं ‘स्टॅनफर्ड्स’, छत्रीवाले आणि कॉर्नेलिसन, सगळं पायी एका दिवसात होतं, आणि दुकानदाराशी गप्पा मारता येतात, ही बाजू लहान समजू नका. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत, पत्ता इमारतींच्या गटाच्या, म्हणजे ब्लॉकच्या, नंबरावर चालतो आणि दुकान चौथ्या मजल्यावर निघतं. मात्र गिन्झा लाइन ही एक मेट्रो धरली की गिन्झातलं १९०४चं कागद-पेनांचं ‘इतोया’, मग निहोनबाशी, मग तावारामाची स्टेशनला उतरून काप्पाबाशी, असं एका रेषेत जमतं.

खिशाचा विचार केला तर टोकियो दयाळू. निहोनबाशीत ‘सारुया’ हे १७०४ पासून दात कोरायच्या काड्या विकतं, फक्त काड्या. तीनशे वर्षांच्या दुकानातून काहीतरी विकत आणल्याचं समाधान तिथे फार स्वस्तात मिळतं. लंडनमध्ये त्या तोडीचं काही हवं तर स्टॅनफर्ड्समधला एखादा नकाशा, किंवा स्ट्रँडवर १७०६ पासूनच्या ‘ट्वायनिंग्ज’मधला चहा. करातही फरक आहे. ग्रेट ब्रिटनने पर्यटकांना दुकानात व्हॅट परत देणं जानेवारी २०२१ पासून बंद केलं. माल दुकानाने थेट परदेशी पत्त्यावर पाठवला तरच तो वाचतो. जपानमध्ये १० टक्के करातून पर्यटकांना सूट आहे, ठराविक रकमेवरच्या खरेदीला आणि तशी परवानगी असलेल्या दुकानातच. तो कर आधी भरून जाताना परत घ्यायची पद्धत नोव्हेंबर २०२६ पासून ठरली आहे, तेव्हा तारीख बघून पावत्या जपा.

वर्षानुवर्षं वापरायची एखादी वस्तू आणायची असेल, सुरी, ब्रश, कागद, तर मी टोकियो म्हणेन. सोबत आईवडील असतील, किंवा खरेदीपेक्षा बघण्या-बोलण्यात रस असेल, तर लंडन. दोन्हीकडे रविवार मात्र या कामाला ठेवू नका. काप्पाबाशी आणि जिम्बोचोतली बरीच दुकानं त्या दिवशी बंद असतात, आणि सेंट जेम्स स्ट्रीटवरही तीच गत.