सोसायटीच्या आवारात फुगवलेले आकाश

मुलुंडमधील आमच्या सोसायटीने फेब्रुवारीतील एका शनिवारी, माणशी 100 रुपये वर्गणी काढून, फिरत्या तारांगणाचा कार्यक्रम आवारात ठेवला होता. पंख्याच्या हवेवर फुगणारा, बाहेरून काळा आणि आतून पांढरा असा कापडी घुमट, व्यास जेमतेम 5 मीटर. आत वाकून शिरायचे आणि सतरंजीवर बसून माना वर करायच्या.

छतावर आकाश उतरवण्याची हौस जुनीच आहे. इटलीतील रावेन्ना येथे गाला प्लासिडिया या रोमन सम्राज्ञीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 5व्या शतकातील वास्तूच्या निळ्या छतात सोनेरी तारे जडवलेले आहेत, तर रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरात 43 मीटर व्यासाच्या घुमटाच्या माथ्यावर सुमारे 9 मीटरचे गोल विवर मोकळे ठेवून खरे आकाशच आत घेतले आहे. घुमटावरचे तारे हलू लागले ते मात्र 1923 मध्ये, म्युनिकला दाखवलेल्या झाइस या जर्मन कंपनीच्या, तारे छतावर पाडणाऱ्या प्रक्षेपकामुळे. वरळीच्या नेहरू तारांगणात मुंबईकरांना हा अनुभव 1977 पासून मिळत आला आहे, आणि तो घेतलेल्या माणसाला कापडी घुमटातील एका बाजूचे पसरट तारे व पंख्याची अखंड घरघर खटकणारच. एवढ्या पैशांत त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती वेगळी. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ध्रुवतारा चक्क माथ्याच्या दिशेने निम्म्याहून वर चढलेला होता. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणाच्या अक्षांशाइतकी असते. मुंबईत ती सुमारे 19 अंशच हवी. म्हणजे संगणकात कुठल्यातरी उत्तरेकडील शहराचे आकाश तसेच राहिले होते आणि निवेदक ‘हे आजचे आपले आकाश’ असे सांगत होते. विचारल्यावर त्यांनी विनातक्रार मुंबईचे अक्षांश भरले (हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे), ध्रुव खाली सरकला आणि दक्षिणेला, व्याध या ठळक ताऱ्याच्या बऱ्याच खाली, आधी क्षितिजाआड असलेला अगस्ती हा तारा वर आला. मुलांनी सर्वांत मोठा गलका केला तो याच वेळी.

आपल्या सोसायटीत हा कार्यक्रम अवश्य ठेवावा, पण घुमट फुगण्याआधी संगणकातले गाव तपासावे आणि वेळ रात्री आठनंतरची घ्यावी. म्हणजे नंतर खरे आकाशही पडताळून पाहता येते. आम्ही त्यासाठी नऊच्या सुमारास गच्चीवर गेलो. हात ताठ धरल्यास मूठ साधारण 10 अंश झाकते. दक्षिणेच्या इमारतींवर जेमतेम दोन मुठी उंचीवर अगस्ती होता. उत्तरेला तितक्याच उंचीवर असणारा ध्रुव शेजारच्या टॉवरने झाकला होता.